झाकली मूठ आणि मंदीची चाहूल

पंचगंगेच्या काठावरील इचलकरंजीत यंत्रमागांचा खडखडाट अहोरात्र चालू असतो. तो मोठ्या कारखान्यांतून येतो, पत्र्याच्या शेडमधून येतो आणि राहत्या घराच्या मागील खोलीतूनही येतो. नवख्या पाहुण्याला त्या आवाजात झोप लागत नाही. गावातील माणसाचे उलट असते. माग थांबले की त्याला जाग येते. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी येथे पहिला यंत्रमाग बसविला. जहागिरीचे अधिपती नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचा त्या उद्यमाला आश्रय लाभला. पुढे हे गाव ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ म्हणून ओळखले जाऊ लागले आणि २०२२ मध्ये तेथे महानगरपालिका स्थापन झाली. शंभर वर्षांहून अधिक काळ ज्या आवाजावर हजारो संसार उभे आहेत, तो आवाज मंदावला की काय होते, हे समजण्यासाठी या गावाला अर्थशास्त्राच्या ग्रंथाची गरज पडत नाही.

देशाच्या सकल उत्पन्नाचे तिमाही आकडे तिमाही संपल्यावर सुमारे दोन महिन्यांनी प्रसिद्ध होतात. वृत्तपत्रांत त्यांवर चर्चा झडते, तोवर गल्लीतल्या चहावाल्याला मंदी येऊन बराच काळ लोटलेला असतो. कारखान्यात सकाळी वीस पेले चहा देणारा त्याचा पोऱ्या आता बारा पेले नेतो. हा हिशेब कोणत्याही अहवालात येत नाही. परंतु तो चुकत नाही.

रोजच्या साध्या वस्तूंवरून अर्थव्यवस्थेची नाडी पाहण्याचा प्रयत्न जगभर झालेला आहे. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे माजी प्रमुख ॲलन ग्रीनस्पॅन पुरुषांच्या आतल्या कपड्यांच्या खपाकडे लक्ष देत, असे सांगितले जाते. त्यामागील तर्क साधा आहे. जे इतरांना दिसत नाही, त्यावरचा खर्च माणूस सर्वांत आधी लांबणीवर टाकतो. २०१९ च्या मंदगतीच्या काळात आपल्या देशातही पाच रुपयांच्या बिस्किटपुड्याचा खप घटल्याची मोठी चर्चा झाली होती. पाच रुपयांची बिस्किटे घेताना ग्राहक विचार करू लागतो, तेव्हा प्रश्न बिस्किटांचा राहिलेला नसतो.

ही लक्षणे एका विशिष्ट क्रमाने येतात. तो क्रम ओळखता आला, तर पुष्कळ कुटुंबांना वेळेत सावरता येते. म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करणे योग्य ठरेल.

पहिले लक्षण : लांबणारे दिवस

मंदी म्हणजे मालाला गिऱ्हाईक नसणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात सुरुवातीच्या काळात माल विकला जात असतो, वहीत विक्रीची नोंदही होत असते. फक्त पैसा येण्याचे दिवस लांबतात.

इचलकरंजीच्या धंद्याची रचना पाहिली म्हणजे हे स्पष्ट होते. सूत सायझिंगमध्ये जाते, तेथून बीम भरून येते, वहिफणीचे कामगार एकेक धागा ओवून ते मागावर चढविण्याजोगे करतात. बायका कांड्या भरतात. विणलेल्या कापडाची घडी होते आणि ते व्यापाऱ्यामार्फत पाली, बालोतरा, अहमदाबाद अशा ठिकाणी रंगाई-छपाईसाठी रवाना होते. सुताचे पैसे बहुधा रोखीने किंवा अल्प मुदतीत द्यावे लागतात. कामगाराचा पगार आठवड्याला द्यावा लागतो. वीजबिल महिन्याला येते. कापडाचे पैसे मात्र उधारीवर असतात. जो यंत्रमागधारक स्वतःचे सूत घेत नाही, व्यापाऱ्याचे बीम आणून केवळ मजुरीवर विणून देतो, त्याला तेथे ‘खर्चीवाला’ म्हणतात. त्याची सारी मिळकत पिकांवर मोजली जाते. म्हणजे कापडात आडवे किती धागे बसले, त्यावर. त्याच्याकडे ना साठा असतो, ना भाव ठरविण्याची ताकद.

आता एक साधे गणित करू. समजा, एक यंत्रमागधारक दररोज २० हजार रुपयांचे कापड विकतो आणि त्याचे पैसे ४५ दिवसांनी येतात. म्हणजे त्याचे ९ लाख रुपये सतत बाजारात अडकलेले असतात. मंदीची चाहूल लागताच समोरचा व्यापारी ९० दिवस घेऊ लागतो. विक्री तेवढीच राहते, नफाही कागदावर तेवढाच दिसतो. पण अडकलेली रक्कम १८ लाखांवर जाते. वरचे ९ लाख कोठून आणायचे? १२ टक्के दराने कर्ज काढले, तर वर्षाचे व्याज १ लाख ८ हजार रुपये, म्हणजे महिन्याला ९ हजार. काहीही चूक न करता, एक मीटरही कापड कमी न विकता, त्या घरातून दरमहा ९ हजार रुपये निघून गेले. वहीतील नफा पाहणाऱ्याला हे कळत नाही. उधारीचे दिवस मोजणाऱ्याला मात्र पहिल्याच महिन्यात कळते.

मग तो काय करतो? तोही पुढच्याचे पैसे थांबवितो. सुतवाल्याला ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणतो, दिवाणजीचा पगार दोन हप्त्यांत देतो, कांडीवालीला ‘शनिवारी ये’ म्हणून सांगतो. ज्याला नाही म्हणणे सोपे असते, त्याचे पैसे सर्वांत आधी थांबतात. मंदीचा भार अशा रीतीने वरून खाली सरकत सर्वांत अशक्त खांद्यावर येऊन विसावतो.

दुसरे लक्षण : पाळी, खोली आणि डबा

यानंतर आवाज कमी होतो. दोन पाळ्यांची एक पाळी होते. मग आठवड्यातले एक-दोन दिवस माग बंद राहतात. रातपाळी बंद होताच कर्नाटकातून, उत्तर प्रदेशातून, बिहारमधून, ओडिशातून आलेला कामगार गावी जातो. तो एकटा जात नाही. त्याच्यामागे त्याने भाड्याने घेतलेली खोली रिकामी होते, खानावळीतले ताट कमी होते, केशकर्तनालयातली खुर्ची रिकामी राहते. खोलीच्या भाड्यावर ज्या वृद्ध दांपत्याचा औषधपाण्याचा खर्च चाललेला असतो, त्यांनी आयुष्यात माग पाहिलेला नसला तरी मंदी त्यांच्याही दारात येते.

किराणा दुकानात हा बदल सर्वांत स्वच्छ दिसतो. उन्हाळ्यात वर्षाच्या धान्याची बेगमी करणारे कुटुंब महिन्याचे धान्य नेऊ लागते, महिन्याचे नेणारे आठवड्याचे. तेलाच्या १५ किलोच्या डब्याऐवजी एक लिटरची पिशवी घरात येते. येथे एक क्रूर नियम काम करतो. थोडे घेणाऱ्याला दर जास्त पडतो. ज्याच्यापाशी पैसा कमी, त्यालाच तीच वस्तू महाग मिळते. काटकसर म्हणून केलेली ही खरेदी वर्षअखेरीस अधिक खर्चाची ठरते. गृहिणीला हे कळत नाही असे मुळीच नाही. तिच्या हातात एका वेळी तेवढीच रक्कम असते, इतकेच.

दुकानदाराची उधारीची वही या काळात जाड होते. पूर्वी फक्त कामगारांची नावे असलेल्या वहीत एके दिवशी मालकाच्या घरचे नाव येते. अनुभवी दुकानदार त्या दिवशी सुताचा भाव विचारीत नाही. त्याला उत्तर मिळालेले असते.

गेल्या दशकात या लक्षणांचा फेरा गावाने पुनःपुन्हा पाहिला. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी ५०० व १००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्या आणि आठवड्याचा पगार रोखीने देणाऱ्या धंद्याची पहिली अडचण पगारवाटपाची झाली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला. कृत्रिम धाग्यावर कर अधिक आणि कापडावर कमी अशी रचना असल्याने भरलेल्या कराची रक्कम विणकराच्या खात्यात साचून राहू लागली. कापडासाठी तिचा परतावा मिळण्याची वाट १ ऑगस्ट २०१८ पासून खुली झाली, तीही पुढील खरेदीपुरती. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने माग पूर्ण थांबले. मे २०२२ मध्ये ३५६ किलो रुईच्या खंडीचा भाव एक लाख रुपयांच्या वर गेला आणि त्याच वर्षी पुढे वेगाने कोसळला. वरच्या भावात सूत घेऊन ठेवणाऱ्यांचे त्यात मोठे नुकसान झाले. कारणे दर वेळी निराळी होती. घराघरांत उमटलेली लक्षणे मात्र त्याच क्रमाने आली.

तिसरे लक्षण : कपाटातले सोने आणि फळीवरचे औषध

दिवस लांबले, पाळी घटली, तरी मराठी घर काही काळ तग धरते. कारण कपाटात सोने असते. सोने तारण ठेवणे यात गैर काहीच नाही. अडचणीच्या वेळी उपयोगी पडावे, म्हणूनच तर आजीने ते जपलेले असते. ऑगस्ट २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना शेतीबाह्य सुवर्णकर्जासाठी तारणमूल्याच्या ७५ टक्क्यांऐवजी ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देण्याची मुभा मार्च २०२१ अखेरपर्यंत दिली होती. घराघरांतील सोने हाच त्या संकटात शेवटचा आधार आहे, याची ती एका अर्थी अधिकृत कबुली होती.

लक्षण सोने ठेवण्यात नसते, ते सोडविण्यात असते. हंगामासाठी ठेवलेले सोने हंगाम संपताच सुटत असेल, तर धंदा निरोगी आहे. मुदत संपल्यावर केवळ व्याज भरून तेच कर्ज पुन्हा नव्याने काढले जात असेल, दुसऱ्या वर्षी पाटल्यांच्या जोडीला मंगळसूत्राचा पदर येत असेल, तर ते सोने परत येण्याची शक्यता दरवर्षी घटत जाते. स्थानिक वृत्तपत्रातील लिलावाच्या नोटिसांचा स्तंभ लांबला की त्यामागे किती घरांतल्या दुपारी अबोल झाल्या असतील, याचा अंदाज बांधता येतो.

याहून धोकादायक बचत औषधाच्या दुकानात होते. महिन्याच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन आलेला माणूस ‘सध्या पाच दिवसांच्याच द्या’ म्हणतो. रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेतली जाते. आरोग्यविम्याचा हप्ता ‘यंदा राहू दे’ म्हणून सोडला जातो. वार्षिक हप्त्याला सामान्यतः ३० दिवसांची सवलतीची मुदत असते. ती उलटली की पूर्वीच्या वर्षांचे सलग लाभ गमावण्याची वेळ येते, आणि जुन्या आजारासाठी प्रतीक्षेचा काळ पुन्हा पहिल्यापासून मोजला जाऊ शकतो. काही हजार वाचविण्यासाठी काही लाखांचे दार उघडे राहते. कपात करायचीच असेल, तर ती सर्वांत शेवटी जेथे करावी, तेथेच ती पुष्कळदा सर्वांत आधी होते. कारण हे घराबाहेर कोणाला दिसत नाही.

झाकलेली मूठ

येथे या विषयाचे मर्म आहे. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण व्यापारी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या उराशी बाळगली, आणि तिच्यात शहाणपण निश्चित आहे. धंदा पतीवर चालतो. ‘अमक्याची ओढाताण आहे’ एवढी कुजबुज बाजारात पोहोचली की सुतवाला रोखीशिवाय गाठोडे सोडत नाही, आणि जी अडचण दोन महिन्यांत सरली असती ती खरोखरच संकट होते. म्हणून बाजारापासून मूठ झाकणे समजण्याजोगे आहे.

परंतु मूठ झाकण्याची सवय बाजारापाशी थांबत नाही. ती घरात शिरते. पत्नीला कर्जाचा आकडा ठाऊक नसतो. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाला वडिलांनी कोणत्या कागदावर सही केली, हे माहीत नसते. आणि मूठ झाकलेली राहावी, म्हणून जो खर्च कमी व्हायला हवा, तोच वाढतो. लग्नातील पदार्थांची संख्या घटत नाही. निमंत्रणपत्रिका जाडच राहते. समाजाच्या कार्यात बोली मागच्या वर्षीपेक्षा मोठ्या आवाजात बोलली जाते. ती प्रत्यक्ष जमा व्हायला मात्र पुढचा चातुर्मास उजाडतो. संस्थांच्या वहीतील येणे रकमेचा आकडा विश्वस्तांनी शांतपणे पाहिला, तर समाजाच्या आर्थिक प्रकृतीचे तेही एक विश्वसनीय निदान ठरेल.

बँकेच्या बाबतीतही हीच मूठ घात करते. कॅश क्रेडिट खाते महिनोन्‌महिने मर्यादेला टेकलेले राहते, साठ्याचे विवरणपत्र उशिरा येऊ लागते, खात्यातील उलाढाल घटते, धनादेश एकदा परत जातो. शाखेत बसलेल्या अधिकाऱ्याला ही लक्षणे दिसत असतात; कर्जदाराला मात्र वाटत असते की, अद्याप कोणाला काही कळलेले नाही. फोन उचलणे बंद होते, शाखेसमोरून जाणारा रस्ता बदलतो. बँकांच्या नियमांत थकबाकीचे ३० दिवसांपर्यंत, ६० दिवसांपर्यंत आणि ९० दिवसांपर्यंत असे तीन टप्पे आहेत. ९० दिवस उलटले की कर्ज अनुत्पादक ठरते. त्याआधी कर्जदार स्वतःहून कागदपत्रांसह समोर आला, तर हप्त्यांची फेररचना, मुदतवाढ अशा काही वाटा तपासता येतात. त्यानंतर हातातील वाटा कमी होतात, पत नोंदीवर डाग लागतो आणि तारण मालमत्तेवर २००२ च्या सरफेसी कायद्यानुसार कारवाईची शक्यता उभी राहते. त्या ९० दिवसांत संकोचापायी जे घर गप्प बसले, त्याने आपली सर्वांत मोलाची गोष्ट गमावली. ती गोष्ट पैसा नव्हे, वेळ.

अखेरचे लक्षण माग भंगारात जाण्याचे. जो माग आजोबांनी कर्ज काढून घेतला, ज्याच्यावर तीन मुलींची लग्ने झाली, तो वजनकाट्यावर किलोच्या दराने मोजला जातो. पाळी बंद झाली तर पुन्हा सुरू होऊ शकते, सोने सुटू शकते. भंगारात गेलेला माग परत येत नाही. त्या शेडमध्ये पुढे गोदाम होते किंवा ‘भाड्याने देणे आहे’ अशी पाटी लागते.

हातातील उपाय

कापसाचा भाव, कराचे दर, परदेशातील मागणी यांपैकी काहीही सामान्य कुटुंबाच्या हाती नाही. तरी काही गोष्टी निश्चित हाती आहेत.

पहिली गोष्ट घरातली. महिन्यातून एकदा घरातील सर्व सज्ञान माणसांनी एकत्र बसून तीन आकडे पाहावेत : लोकांकडून येणे किती व किती दिवसांचे, देणे किती, आणि तारण काय काय आहे. आकडा कितीही अप्रिय असला, तरी तो चौघांना ठाऊक असणे हे एकट्याने छातीवर वाहण्यापेक्षा अधिक सुरक्षित आहे. घरात मूठ उघडावी. बाजारात ती झाकलेली राहिली तरी चालेल.

दुसरी गोष्ट कायद्याची. सूक्ष्म व लघु उद्योगांना मालाचे किंवा कामाचे पैसे ४५ दिवसांच्या आत मिळावेत, ही तरतूद २००६ च्या कायद्यात आहे. लेखी करार नसल्यास ही मुदत १५ दिवसांची आहे. १ एप्रिल २०२४ रोजी सुरू झालेल्या करनिर्धारण वर्षापासून, मुदतीत न दिलेली अशी रक्कम प्रत्यक्ष दिली जाईपर्यंत देणाऱ्याला प्राप्तिकरात खर्च म्हणून दाखविता येत नाही. या संरक्षणासाठी उद्यम नोंदणी करून ठेवणे आवश्यक आहे. खर्चीवाला आपल्या व्यापाऱ्याविरुद्ध सहसा तक्रार करणार नाही, कारण उद्याचे बीम त्याच्याकडूनच यायचे असते, हे खरे. तरीही बिलावर नोंदणी क्रमांक आणि देय तारीख छापलेली असणे ही एक सभ्य आठवण ठरते.

तिसरी गोष्ट सर्वांत सोपी, आणि ज्यांचे बरे चालले आहे त्यांच्यासाठी आहे. मंदी ही पुष्कळ अंशी थांबलेल्या पैशाची साखळी असते. त्या साखळीची एक कडी प्रत्येकाच्या हातात असते. शिंप्याचे, दूधवाल्याचे, कांडी भरणाऱ्या बाईचे, शिकवणीच्या मास्तरांचे, घरकामाच्या मावशींचे पैसे ठरलेल्या तारखेला देणे, यासाठी दानशूर असण्याची आवश्यकता नाही. शंभर रुपये शनिवारऐवजी मंगळवारी मिळाले, तर तेच शंभर रुपये त्या दिवशी किराणा दुकानात जातात, तेथून घाऊक व्यापाऱ्याकडे जातात. अडचणीतील स्वाभिमानी माणूस मदत घेताना संकोचतो. आपल्या हक्काचे पैसे वेळेवर घेताना त्याला मान खाली घालावी लागत नाही.

आज रात्री घरातील वही उघडून, आपल्याकडून कोणाकोणाचे छोटे पैसे द्यायचे राहिले आहेत, याची यादी करावी. ती यादी बहुधा एका पानाहून मोठी असणार नाही. उद्या सकाळी ती पूर्ण केली, तर गावातील काही घरांपुरती मंदी तेवढ्या दिवसांनी कमी झालेली असेल.